पाठीवरचं बेलपान

"हा टाक तुमच्या सवतीचा नाही," असं राधाकृष्ण सोनार काही म्हणाले नव्हते. त्यांना त्या भानगडीशी काय देणंघेणं? त्यांनी आपलं डोळ्याला भिंग लावलं, चांदीचा तो बोटभर टाक उलटा केला, पाठीवरचा मळ राखेनं चोळून काढला आणि जुन्या ओळखीचं माणूस बाजारात भेटावं तसे खूश होऊन म्हणाले, "अरे वा! हे तर आमच्या गुरूंचं बेलपान!" रतनबाई दुकानाच्या पायरीवर पदरानं वारा घेत बसली होती. बावीस-तेवीस वर्षं तो टाक तिच्या गळ्यात होता, पण त्याला पाठ असते आणि त्या पाठीवर काही असतं, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. पुढच्या अंगाला बाईचं चित्र होतं, दोन डोळे आणि छातीशी जोडलेले हात. ती गोजरबाई. नवऱ्याची पहिली बायको, मेलेली. तिला रोज सकाळी हळदकुंकू लावायचं, नवं लुगडं आधी तिला लावून मग आपण नेसायचं, सणाचा पहिला घास तिच्यापुढं धरून मग आपण खायचा. दुसरेपणावर दिलेल्या बाईला एवढं करावंच लागतं, नाहीतर गेलेली सुखानं नांदू देत नाही. देवाची जशी आपण पाठ बघत नाही, तशी रतनबाईनं गोजरबाईचीही कधी बघितली नव्हती.

त्या उन्हाळ्यात सराफ बाजारात दुकानोदुकानी जुन्या चांदीचे ढीग पडले होते. दुष्काळाचं दुसरं वर्ष. खेड्यापाड्यांतून वाळे, तोडे, गोठ, दंडातल्या वाक्या गाठोड्यांनी येत होत्या आणि आटून जात होत्या. एकेका डागाचा, म्हणजे दागिन्याचा, कस लावत बसलं तर दिवस पुरला नसता, म्हणून राधाकृष्ण सोनार आधी शिक्का शोधत. जुने कारागीर डागाच्या आतल्या अंगाला, कुणाची नजर जाणार नाही अशा जागी, आपली खूण ठोकून ठेवायचे. कुणाचं कमळ, कुणाचा मासा, कुणाचं नुसतं एक अक्षर. मासा दिसला की तांबं जास्त, डाग डाव्या हाताला. बेलपान दिसलं की चांदी निर्मळ, उजव्या हाताला. सोनारांचं हे चाललेलं असताना रतनबाई मध्येच टाकाची झिजलेली कडी बदलून घ्यायला आली होती. मच्छिंद्रनं कोपरगावच्या गाडीवरच्या ड्रायव्हरबरोबर निरोप धाडला होता, उद्या येतो, आईचा टाक न्यायचा आहे. मच्छिंद्र हा गोजरबाईचा मुलगा. साखर कारखान्यात लागून चार वर्षं झाली, लग्न झालं, आता मुलगी झाली. आईचा फोटो नाही, लुगडं नाही, काही नाही. तिच्यातलं उरलंय ते एवढंच, तेव्हा ते माझ्या देव्हाऱ्यात राहू द्या, असं त्याचं म्हणणं. आणि रतनबाई चटकन हो म्हणाली होती. इतकी चटकन, की निरोप घेऊन ड्रायव्हर वळला तेव्हा तिची तिलाच लाज वाटली.

"कोन तुमचे गुरू?" तिनं आपलं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"राहात्याचे डहाळे. पोरवयात मी त्यांच्या भट्टीवर फुंकणी फुंकलीय. लढाई चालू होती तेव्हा गेले. आमच्यात रीत आहे, बाई, कारागीर गेला की त्याचा शिक्का पुन्हा कुणी मारायचा नाही. चेल्यानं तो फोडायचा. मीच फोडला, ऐरणीवर ठेवून. रडत होतो आणि हातोडा घालत होतो. म्हणून बेलपान दिसलं की खुशाल समजावं, डाग लढाईतला, नाहीतर तिच्या आधीचा."

"न्हाई वो, चुकतंय तुमचं," रतनबाई हसली. "हा माझ्या लग्नातला हाय. सोराज्य आल्यावर दोन वर्सांनी झालं माझं लगीन."

"लग्न तेव्हाचं असेल. टाक तेव्हाचा नाही." सोनारही हसले. "माझी पोरं ओळखायला चुकेन एक वेळ, पण हे पान नाही. कडी नवी लावू ना?"

तिनं मान हलवली. मान हलवताना आतून काहीतरी घसरल्यासारखं झालं, माठाखालची तिवई हलावी तसं. माठ फुटत नाही, पण आता तो पडणार हे कळतं. तिनं मनातल्या मनात पुन्हा जुळवून पाहिलं. मच्छिंद्र स्वराज्य आलं त्याच वर्षीचा. गोजरबाईनंच त्याला जन्म दिला, वाड्यावस्त्यांवर झेंडे लागले होते तेव्हा ती बाळंतिणीच्या खाटेवर होती, हे घरात हजारदा बोललं गेलेलं. मग लढाईत मेलेल्या सोनारानं तिचा टाक कसा घडवला? जितीजागती बाई, अजून पोर व्हायचं होतं तिला. "चेहरा कुनाचा हाय मग ह्यो?" तिच्या तोंडून गेलं. सोनार फुंकणीनं दिव्याची ज्योत कडीवर धरत होते. तोंडातली फुंकणी न काढताच ते गालात हसले, मग कडी जुळल्यावर म्हणाले, "चेहरा कुणाचाच नसतो. ठसा एकच. आमच्याकडच्या सगळ्या सवती एकाच ठशातून निघतात. फरक असलाच तर पाठीवरचा." त्यांनी टाक पाण्यात टाकला, चुर्र वाजलं. जुनी कडी, धाग्याइतकी बारीक झालेली, त्यांनी ताटलीतल्या मोडीत टाकून दिली. रतनबाईनं टाक गळ्यात अडकवला नाही. पदराच्या गाठीत बांधला आणि कापड बाजारातून माळीवाड्याकडं चालू लागली.

ऊन रणरणत होतं. नळाच्या कोंडाळ्यापाशी रिकाम्या घागरींची रांग लागली होती आणि बायका घागरींशेजारी पाय पसरून बसल्या होत्या. एरवी रतनबाई तिथं थांबून चार शब्द बोलली असती. आज तिला कुणाशी बोलवेना. कुणीतरी परक्याची जुनी वस्तू, सोनाराच्या मोडीतून उचललेली, आपल्या गळ्यात बांधली, असं तिला आधी वाटलं आणि तिचा संताप संताप झाला. आत्याबाई, म्हणजे तिची सासू आक्काबाई, तशी चिक्कूच होती. लग्नाच्या मांडवात मंगळसूत्राच्या आधी तिनं हा टाक रतनच्या गळ्यात घातला होता. "आधी ही, मग तू," असं सगळ्यांदेखत म्हणाली होती. काळ्या दोऱ्यातली ती थंड चकती छातीला टेकली तेव्हा अठरा वर्षांच्या रतनला शहारा आला होता. पहिल्या रात्री नवऱ्याआधी तिच्या अंगाला लागली ती गोजरबाई. पुढं पुढं मात्र सवय झाली. नुसती सवय नव्हे, या नगर शहरात माहेरचं कुणी नसताना बोलायला दुसरं होतं तरी कोण? चुलीपुढं बसून ती टाकाशी बोलायची. बाई, आज भाकरी करपली. बाई, आज सासूनं मला माझ्या बापावरून बोलून घेतलं, तुलाबी बोलायची का अशी? मग गोजरबाई हसल्यासारखी वाटायची. दीड-दोन वर्षं असं सख्ख्या बहिणींसारखं चाललं होतं, आणि कुणाला सांगितलं असतं तर हसं झालं असतं.

मग रतनला मुलगी झाली. तान्ह्या पोरीला पाजायला घेतलं की टाकाची कड तिच्या गालात रुतायची. गालावर लाल चंद्रकोर उठायची आणि पोर दूध सोडून रडायची. रतननं दोन-चार दिवस बघितलं, मग दोरा फिरवून टाक पाठीवर सोडला. त्यात काय मोठंसं, कुठल्याही आईनं तेच केलं असतं. पण त्याच आठवड्यात पोरीला ताप भरला. डोळे फिरवले तिनं. सिव्हिल हॉस्पिटलात नेईपर्यंत ती राहिली नाही. आक्काबाई उंबऱ्यात बसून होती, तिनं रतनची पाठ बघितली आणि म्हणाली, "तिला पाठीशी टाकलीस व्हय? मग ती तुझं सोडंल का?" एवढंच. पुढं कधी त्या गोष्टीचा उच्चार घरात झाला नाही. पण रतनच्या मनात ते वाक्य जे बसलं ते बसलंच. ज्या बाईला आपण चुलीपुढं सगळं सांगत होतो तिनं आपली पोर नेली. सकाळचं हळदकुंकू तिनं चुकवलं नाही, उलट दुप्पट भीतीनं लावलं. बोलणं मात्र बंद झालं.

आणि त्या वेळी मच्छिंद्र तीन-साडेतीन वर्षांचा होता. हे आठवलं आणि रतनबाई भर रस्त्यात थांबली. मागून सायकलवाला घंटी वाजवत, काहीतरी पुटपुटत गेला. मच्छिंद्रला कुणीतरी सांगून ठेवलं होतं, तुझी आई रतनमावशीच्या गळ्यात आहे. ते पोर दिवसातून दहा वेळा यायचं, तिच्या मांडीवर चढायचं, मुठीत टाक धरायचं आणि तसंच झोपून जायचं. रतनची मुलगी गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी असेल, तो असाच आला. पाय वर घेतला, हात पुढं केला. रतननं तो हात झटकला. मारलं नाही काही, नुसता झटकला. "हिला हात लावायचा न्हाई," असं म्हणाली. त्याच्या आईनं माझं नेलं, आता आईबरोबर खेळायला येतोय, असं काहीतरी वेडंवाकडं तिच्या डोक्यात होतं. पोर रडलं नाही. तिच्या तोंडाकडं बघत उभं राहिलं, मग भिंतीशी जाऊन बसलं. पुन्हा तो कधी मांडीवर आला नाही. खायला-ल्यायला तिनं त्याला काही कमी केलं नाही, तापात रात्र रात्र उशाशी बसली, शाळेत घातला, शेजारणी तर म्हणायच्या, सावत्र म्हणून सांगावं लागतं. पण जवळ म्हणून घेतला नाही. मोठा झाल्यावर पाया पडायला वाकायचा आणि उठताना त्याची नजर तिच्या गळ्याशी थांबायची. तोंडापर्यंत यायचीच नाही. लेकरू आपल्या आईला भेटून जातंय, आपण नुसती खुंटी, असं म्हणून ती वर त्याच्यावरच रुसायची. काय म्हणावं अशा बाईला! हे सगळं तिनं गोजरबाईच्या खात्यावर टाकलं होतं. आणि आता सोनार म्हणतो, ती गोजरबाई नव्हेच.

घरी आली तेव्हा सहादेव, तिचा नवरा, पहिली पाळी संपवून एस.टी.च्या वर्कशॉपातून येऊन बसला होता. तांब्याभर पाण्यात हाताचं ग्रीस काही जात नव्हतं, तरी तो बोटं चोळत होता. वयानं आता खांदे उतरले होते. रतनबाईनं चहा टाकला नाही. ती त्याच्यासमोर बसली आणि पदराची गाठ सोडून टाक फरशीवर ठेवला, उलटा.

"अवो, ह्यो टाक कुनाचा?"

"कुनाचा म्हंजी? गोजराचा."

"गोजरबाई जित्या हुत्या तवाचा हाय ह्यो. सोनारानं सांगितलं. खोटं बोलायचं न्हाई माझ्यापशी."

सहादेवनं फरशीकडं पाहिलं. खोटं बोलायची त्याची तयारीच नव्हती, त्याला आठवायलाच वेळ लागत होता, हे तिला दिसलं आणि तिला जास्तच राग आला. "आधी एक हुती," तो शेवटी म्हणाला. "लहानपनीची. लहान पोरांची लग्नं बंद करनारा शारदा कायदा येतोय म्हनून गावात सगळ्यांनी पोरंसोरं उजवून टाकली, त्यात माझंबी उरकलं. मी बारा वर्सांचा. ती असंल पाच-सहाची. मांडवात झोपली हुती. मामानं कडेवर घेऊन उभी केली. दोन वर्सांनी देवीच्या साथीत गेली. आपल्या घरी आलीच न्हाई ती कधी. मग गोजर आली तवा आईनं राहात्याला हा टाक करून घेतला. गोजराच्या गळ्यात घालायला."

"त्या पोरीचा?"

"व्हय."

"म्हंजी गोजरबाईंच्याबी गळ्यात हाच हुता. आन् गोजरबाईंचा टाक?"

तो बोटं चोळायचा थांबला. "आई म्हनली, हाय की एक केलेला. दोघींला त्यातच बसवू. गुरवबी म्हनला, चालतंय."

"आन् तुमी?"

"मी काय म्हननार? गोजर जाऊन महिना न्हवता झाला, न् ह्यांनी माझं दुसरं," तो अडखळला, "तिसरं लगीन ठरवलं हुतं. मी कशालाच काय म्हनलो न्हाई."

एवढंच होतं. कपट नव्हतं, कुणाचा डाव नव्हता. घरात एक आहे, तर दुसरा कशाला, या हिशेबानं एका बाईला दुसरीत कोंबलं होतं. रतनबाईनं विचारलं, त्या पोरीचं नाव काय. सहादेवनं वर छताकडं पाहिलं, मान वाकडी केली, ओठ हलवले. त्याचे डोळे ओले झाले तेव्हा तिला वाटलं, आता सांगेल. "न्हाई बा आठवत," तो म्हणाला. मग उठून पुन्हा हात धुवायला गेला, आणि त्या दुष्काळात भरला तांब्या त्यानं मोरीत ओतून टाकला.

रतनबाई टाक घेऊन मागल्या दारी जाऊन बसली. ऊन कलंडलं होतं. पाठीवरचं ते पान आता तिलाही दिसत होतं, तिळाएवढं, तीन दळांचं. घडवणाऱ्याचं नाव चांदीवर राहिलं होतं. त्याच्यासाठी रडणारा चेला होता, त्याला ओळखणारं माणूस पंचवीस कोसांवर तीस वर्षांनी भेटत होतं. जिचा म्हणून टाक घडवला तिची खूण कुठंच नव्हती. आणि गोजरबाई? ती तर या चांदीत कधी नव्हतीच. रतनच्या पोरीला नेणारी कुणी नव्हती, ताप होता नुसता, शेजारच्या दोन घरांतलीही पोरं त्याच साथीत गेली होती. ही गोष्ट आपल्याला तेव्हाही ठाऊक होती, हे तिला आता आठवलं. गोजरबाईसुद्धा आपल्यासारखीच सकाळी उठून सात-आठ वर्षांच्या एका झोपाळू पोरीला हळदकुंकू लावत होती, तिला भीत होती. मच्छिंद्रला पाजताना तिच्याही दोऱ्याला हीच चकती लोंबत असणार. तिनं काय केलं असेल? पाठीवर टाकली असेल, का रुतू दिली असेल? एवढं एक विचारायला हवं होतं, आणि विचारायला आता समोर कुणी नव्हतं. दोघींच्या मानेनं झिजलेली ती कडी तेवढी होती. निम्मी गोजरबाईनं झिजवलेली, निम्मी रतनबाईनं. ती सोनाराच्या ताटलीत राहिली. एव्हाना मुशीत गेलीही असेल. रतनबाई मोठ्यानं रडली. पोर गेली तेव्हा सासूच्या धाकानं जे रडायचं राहिलं होतं तेही त्यात आलं. शेजारच्या लंकाबाईनं कुडावरून डोकावून विचारलं, काय झालं वो? तर ती म्हणाली, "काय न्हाई, माझी एक बहीन हुती ती वारली."

मच्छिंद्र सकाळच्या गाडीनं आला. पांढरा शर्ट, खिशाला पेन, बापासारखेच उतरते खांदे. दुपारच्या गाडीनं परत जायचं होतं, उद्या पाळी होती. रतनबाईनं त्याच्या पोरीसाठी मागवलेलं अंगडं त्यानं बघितलं, चहा प्यायला, बापाशी पाऊसपाण्याचं बोलला. रतनबाईनं ठरवलं होतं, काही सांगायचं नाही. आईवेगळ्या पोराला आहे ते मिळू दे. एका खोट्यानं काय बिघडतंय, इतकी वर्षं चाललंच ना? तो पाया पडायला वाकला. उठला. सवयीनं त्याची नजर तिच्या गळ्याशी आली आणि तिथं काहीच नव्हतं, काळ्या दोऱ्याचा वण तेवढा होता. नजर गोंधळली. लहान पोरानं खाली पडलेली वस्तू शोधावी तशी ती इकडंतिकडं फिरली. ते बघितलं आणि रतनबाईचं ठरवलेलं सगळं पुसलं गेलं.

"मच्छिंद्र," तिनं टाक त्याच्या हातावर ठेवला, "ही तुजी आई न्हाई."

आणि तिनं जे होतं ते सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, न थांबता. सहादेव भिंतीकडं तोंड करून बसला होता. मच्छिंद्र ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं टाक उलटा केला, पान पाहिलं, पुन्हा सुलटा केला. त्यानं विचारलं, "मग आईचं काय हाय?"

"काय न्हाई, बाळा. तिच्या गळ्यात हा हुता, एवढंच खरं. हा घालून तिनं तुला पाजलं. त्याची कड हितं लागत असंल तुज्या." तिनं बोट उचललं आणि त्याच्या गालाला लावलं. दाढी केलेला, खरखरीत, पुरुषाचा गाल. वीस वर्षांपूर्वी तो मऊ होता तेव्हा हे बोट इतकं लांब का राहिलं, हे तिला कुणी सांगू शकलं नसतं.

तो मागं सरला नाही. मग हळूच, एखादा जुना हिशेब पुन्हा मांडावा तसं त्यानं विचारलं, "मावशी, म्हंजी लहानपनी मी तुमच्या मांडीवर येऊन हिला धरायचो. ही आई न्हवती. मग मी धरायचो ते कुनाला?"

"मला," रतनबाई म्हणाली. "मलाच धरायचास. आन् मी तुजा हात झटकला."

मच्छिंद्रनं मान खाली घातली. तिला वाटलं, आता तो काहीतरी बोलेल, आई म्हणेल, निदान रागावेल तरी. चुलीवरचं दूध उतू गेलं, सहादेव ते उतरवायला उठला. मच्छिंद्रनं टाक पोरीच्या अंगड्यात गुंडाळला, पिशवीत तळाशी ठेवला, चपला घातल्या. दारात वळून त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं, सरळ डोळ्यांत. असं त्यानं साडेतीन वर्षांचा असताना शेवटचं पाहिलं होतं.

"येतो, मावशी," तो म्हणाला. "गाडी चुकंल."

रतनबाई दारात उभी राहिली. पाठमोरा मच्छिंद्र नळाच्या रांगेपलीकडं जाऊन दिसेनासा झाला तरी तिचा एक हात रिकाम्या गळ्याशी होता.